रोल्लाचा किल्ला आणि बँकांचा रस्ता



२०२० च्या अखेरीस इथून दुबईला थेट विमाने सुरू झाली, आणि तेव्हापासून आपल्या जमातीतली पुष्कळ मंडळी तिकडे जाऊन आली. परत आल्यावर प्रत्येक जण बुर्ज खलिफाचा फोटो दाखवतो. ८२८ मीटर उंचीची ती इमारत आम्हीही पाहिली, मान दुखेपर्यंत पाहिली. पण तिच्याविषयी सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नाही. सांगायचे आहे ते शेजारच्या शारजा शहरातल्या रोल्ला या भागाविषयी. दुबईत उंचीची चढाओढ चालली असताना इथे उंच इमारती पाडून जुने बुटके गाव पुन्हा उभे केले गेले. हे काम आम्ही दोघांनी दोन दिवस पायी फिरून पाहिले. त्यात चांगले काय झाले आणि चुकले काय, हे लिहावेसे वाटले. कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सध्या पिनुई-बिनुईचे कागद सहीसाठी पडून आहेत.

रोल्ला म्हणजे वड. इथे एक जुना, फार मोठा वड होता. ईदच्या दिवशी त्याच्या फांद्यांना झोके बांधत आणि सारे गाव त्याच्या सावलीत जमे. १९७८ साली तो वठला. आता त्या जागी चौक आहे, बाग आहे आणि झाडाची आठवण म्हणून उभारलेले शिल्प आहे. झाड गेले तरी वस्तीचे नाव तेच राहिले.

रोल्लात पाऊल ठेवले आणि आम्हाला थेट महंमद अली रोडची आठवण झाली. कापडाची दुकाने, सोन्याची दुकाने, चहाचा वास, मल्याळी, बंगाली, हिंदी बोलणारी माणसे. यात नवल काही नाही. हा किनारा आणि आपली मुंबई यांचे नाते जुने आहे. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६६ पर्यंत या भागात व्यवहाराला रुपयाच चालत असे, आधी हिंदुस्थानचा आणि १९५९ नंतर आखातासाठी छापलेला वेगळा. एका साड्यांच्या दुकानात आम्ही आपसात मराठीत बोलत होतो, तेव्हा गल्ल्यावरचे पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, "या, बसा. गाव कुठले तुमचे?" ते महाडचे निघाले. आम्ही म्हटले, मूळ रेवदंड्याचे, आता अश्दोदचे. त्यांनी जरा विचार केला आणि हळूच विचारले, "म्हणजे शनवार तेली का? आमची आजी सांगायची." हा शब्द परक्याच्या तोंडून आम्ही कित्येक वर्षांनी ऐकला. मग चहा आला, आणि रोल्लाची निम्मी गोष्ट आम्हाला त्या दुकानात कळली.

ती गोष्ट अशी. शारजाच्या राज्यकर्त्यांचा किल्ला, 'अल हिस्न', एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला. राजघराण्याचे घरही तेच आणि कचेरीही तीच. १९६९ च्या अखेरीस हा किल्ला पाडायला घेतला. तेव्हा जुने ते सारे मागासलेले, रस्ता सरळ आणि रुंद हवा, असा काळाचा सूर होता. आजचे राज्यकर्ते शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी तेव्हा कैरोला शिकत होते. बातमी कळताच ते परत आले आणि पाडकाम थांबवले. तोवर एक बुरूज आणि थोडाफार भागच शिल्लक होता. त्यांनी पायांची मापे घेऊन ठेवली, दारे-खिडक्या जमवून सांभाळल्या. १९७२ साली ते गादीवर आले.

दरम्यान त्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंना रस्ता झाला आणि तेलाच्या पैशाबरोबर १९७० च्या दशकात त्यावर बहुमजली इमारती उठल्या. खाली बँका, वर कचेऱ्या आणि बिऱ्हाडे. कागदावर रस्त्याचे नाव बुरुजावरून पडले, पण लोक त्याला 'बँक स्ट्रीट' म्हणत. मधोमध एकटा बुरूज आणि दोहो बाजूंना काचेच्या खिडक्यांच्या रांगा, असा तो देखावा होता. सांभाळलेल्या मापांवरून, जुन्या फोटोंवरून आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून किल्ला पुन्हा बांधला गेला आणि १९९७ साली संग्रहालय म्हणून उघडला. किल्ला परत आला खरा, पण चहूकडून उंच इमारतींनी वेढलेला. एखाद्या आजोबांना जाड्याभरड्या माणसांच्या मधे बाकावर बसवावे, तसा तो दिसत असे.

२०१० साली 'हार्ट ऑफ शारजा' नावाची मोठी योजना जाहीर झाली. टप्पे पाच, मुदत २०२५ पर्यंत, आणि उद्देश स्पष्ट: जुने शहर १९५० च्या दशकात जसे दिसत होते तसे करायचे. जुनी घरे आणि बाजार दुरुस्त झाले, पडलेली घरे जुन्या पायावर पुन्हा उभी राहिली, नवे बांधकाम झाले ते जुन्याच्या उंचीला धरून, एक-दोन मजल्यांचे. आणि बँक स्ट्रीटच्या त्या बहुमजली इमारती टप्प्याटप्प्याने पाडल्या गेल्या.

आता पहिला प्रश्न असा, की उंचीवर एवढा कटाक्ष कशाला? नुसत्या शोभेसाठी का? आम्हाला आधी तसेच वाटले होते. फिरून पाहिल्यावर मत बदलले.

जुन्या शारजातली घरे समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची आहेत. हा दगड सच्छिद्र असतो. तो ऊन आत येऊ देत नाही, पण त्याच्यावर फार भारही टाकता येत नाही. छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या खारफुटीच्या लाकडाचे वासे. तिकडे त्यांना 'चंदल' म्हणतात. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणून खोल्या लांबट आणि अरुंद. दारांना हिंदुस्थानातून गलबतांनी गेलेला साग. ओबैद अल नाबूदा या मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात हे सारे नीट पाहायला मिळते. म्हणजे घराची उंची कुणा अधिकाऱ्याने ठरवली नव्हती. दगडाने आणि वाशाने ती ठरवली होती.

दुसरे कारण वाऱ्याचे. घरावर 'बारजील' म्हणजे वाऱ्याचा मनोरा असतो. वरून जाणारा वारा तो पकडतो आणि खालच्या खोलीत उतरवतो. इब्राहिम अल मिदफा यांच्या घराचा बारजील गोल आहे. साऱ्या अमिरातीत गोल असा तो एकच. शेजारी उंच इमारत आली की वारा अडला, आणि मग बारजील नुसता दिखाऊ खांब. विजेच्या पंख्याआधीच्या काळात शेजाऱ्याची उंची ही आपल्या झोपेची गोष्ट होती.

तिसरे कारण नजरेचे. ही सारी घरे चौकाची, आत अंगण असलेली. बायकामुलांचा दिवस त्या अंगणात जाई. शेजारचे घर उंच झाले तर अंगण उघडे पडते. आपल्याला हे नवीन नाही. तल्मूदात बावा बात्राच्या सुरुवातीलाच दोन शेजाऱ्यांमधल्या अंगणाच्या भिंतीचा विचार आहे, आणि शेजाऱ्याच्या अंगणात नजर पडणे हेही नुकसानच धरले आहे. त्याला 'हेझेक रेइया' म्हणतात. अरबांच्या त्या गल्लीत उभे राहून आम्हाला आपला जुना न्याय आठवला.

म्हणून रोल्लाच्या शेजारच्या या कामाबद्दल पहिले मत स्वच्छ सांगतो: उंचीचा नियम बरोबर होता, आणि तो निष्ठेने पाळला गेला. गल्ल्यांतून सावली आहे, वारा आहे, किल्ला आता दबलेला वाटत नाही. जिथे एकेक चौरस फूट सोन्याच्या भावाचा, तिथे मध्यवस्तीत दहा मजले सोडून दोन मजल्यांवर थांबणे सोपे नसते. या गोष्टीचे कौतुक झालेच पाहिजे.

आता तक्रार.

नियम दोन होते. एक उंचीचा आणि एक सालाचा. उंचीचा नियम दगड, वारा आणि नजर यांनी ठरवला, असे म्हणता येते. साल मात्र माणसांनी निवडले. १९५० चे दशक धरले की मोत्यांचा व्यापारी, त्याचे घर, त्याचा बाजार हे सारे रेघेच्या आत येते. पण त्यानंतर जे आले ते रेघेच्या बाहेर पडतात. आणि त्यानंतर आले कोण? महाडचे, मलबारचे, सिंधचे, चितगावचे. ज्यांनी त्या बँकांत हिशेब लिहिले, ज्यांनी विटा वाहिल्या, ज्यांनी चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत आठ-आठ जणांनी राहून घरी पैसे पाठवले.

दुकानातले ते गृहस्थ संध्याकाळी आमच्याबरोबर आले. बँक स्ट्रीटच्या बाजूच्या एका इमारतीत त्यांनी एकोणीस वर्षे काढली होती. आता तिथे फरसबंदी आहे, खजुराची झाडे आहेत, बसायला बाके आहेत. त्यांनी मान वर केली, बोट मोकळ्या आकाशाकडे नेले आणि म्हणाले, "ती बघा, तिथे आमची खिडकी होती. खाली बुरूज दिसायचा. मुलीचा जन्म झाल्याची तार तिथेच आली." आम्हीही वर पाहिले. पाहायला काहीच नव्हते. ते रागावलेले नव्हते. खोली भाड्याची, देश दुसऱ्याचा, हक्क कसला सांगणार, असा त्यांचा सूर. पण आम्हाला वाटले, ज्या शहराने एका किल्ल्यासाठी पायांची मापे जपून ठेवली, त्याला या खिडकीचे मापही ठेवता आले असते.

आणि हे शारजाला जमत नाही असे मुळीच नाही. त्याच शहरात १९७० च्या दशकातली, उडत्या तबकडीसारखी गोल छत्री घातलेली एक इमारत आहे. ती कलासंस्थेने विकत घेतली आणि दुरुस्त करून २०२० मध्ये उघडली. त्याच काळातली अल कासिमिया शाळा पाडली नाही. २०१९ मध्ये तिथे वास्तुकलेचे मोठे प्रदर्शन भरले. २०२१ मध्ये सुलतान सूद अल कासेमी आणि टॉड राइस यांनी संपादित केलेला 'बिल्डिंग शारजा' हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात तेलाच्या काळातल्या या इमारतींचे फोटो, नकाशे आणि आठवणी गोळा केल्या आहेत. म्हणजे जाण आहे, प्रेमही आहे. बँक स्ट्रीटपर्यंत ते वेळेवर पोचले नाही, एवढेच. सगळ्या इमारती ठेवायला हव्या होत्या असे आम्ही म्हणत नाही; तसे केले असते तर किल्ला पुन्हा दबला असता. पण एक ठेवायची होती. किंवा निदान फरशीवर एकेका इमारतीचे नाव कोरायचे होते, म्हणजे महाडच्या माणसाला आपल्या मुलीला दाखवायला काही तरी राहिले असते.

दुसरी तक्रार लहान आहे. दुरुस्त केलेल्या घरांत आता संग्रहालये आहेत, चित्रांची दालने आहेत, जुन्या वाड्यांतून केलेले एक मोठे हॉटेल आहे. सारे सुंदर. पण रात्री आठला आम्ही त्या गल्लीतून गेलो तर एकाही घरातून फोडणीचा वास आला नाही, कुणी मुलाला ओरडले नाही. रोल्लाच्या गजबजाटापासून पाच मिनिटांवर एवढी शांतता. उंची जुनी ठेवली, दगड जुना ठेवला. राहणारी माणसे ठेवायची योजनेत जागा नव्हती. घराला घरपण भिंतीच्या मापाने येत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, शारजाचे आपल्याला काय? म्हणून जरा मुंबईकडे वळू.

सॅम्युएल स्ट्रीटवर समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेली आपली पहिली मशीद, शाआर हारहमीम, आजही उभी आहे. तिथून इस्राएल मोहल्ला, उमरखाडी, भेंडी बाजार हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर. भेंडी बाजारात रोल्लाच्या नेमके उलट चालले आहे. २००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या ट्रस्टने साडेसोळा एकर जागेचा पुनर्विकास हाती घेतला. सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे, १,२५० दुकाने. मुंबईच्या नियमांत अशा एकत्रित पुनर्विकासाला जास्त बांधकामाची परवानगी मिळते, म्हणून चार-पाच मजल्यांच्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. त्यातली काही घरे २०२० मध्ये रहिवाशांच्या ताब्यात मिळाली. जुने ते तसेच ठेवा, असे तिथे कोण म्हणेल? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तिथल्याच पाकमोडिया स्ट्रीटवरची शंभरी ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. तिथे उंची हाच सुटकेचा मार्ग आहे. कारण जुन्या माणसांना त्याच जागी घर फुकट द्यायचे तर त्याचा खर्च वरचे मजले विकूनच निघतो.

म्हणजे उंची स्वतः ना चांगली ना वाईट. रोल्लात बुटके बांधणे परवडले, कारण खर्च राज्याने केला आणि तिथे कुणाला परत आणायचे नव्हते. भेंडी बाजारात उंच बांधावे लागते, कारण माणसे परत आणायची आहेत. जो प्रश्न विचारायचा तो एकच: काम पुरे झाल्यावर आधीची माणसे कुठे असतील?

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्यातले बहुतेक जण अलियानंतर शिकूनमध्ये राहिले. तीन-चार कोमा, मालित नाही, ममाद नाही. गुडघे दुखत असताना सायरन झाली की अश्दोदला ४५ सेकंदांत मिक्लातपर्यंत कसे उतरायचे, हे ज्याचे त्याला ठाऊक. म्हणून पिनुई-बिनुईला नुसते नाही म्हणणे शहाणपणाचे नाही. नव्या घरात मालित मिळेल, ममाद मिळेल. पण लोद, येहूद, ओर येहूदा इथल्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेन-गुरियन विमानतळाच्या आसपास किती उंच बांधायचे यावर राष्ट्रीय आराखड्याचे बंधन आहे. उंची अडली की विकायला घरे कमी, आणि घरे कमी तर कब्लानला फायदा कमी. मग एक तर योजना वर्षानुवर्षे रेंगाळते, किंवा मोकळी जागा, झाडे, बाके यांवर बांधकाम पसरते. कागदावरच्या चित्रात हिरवळ दिसते. ती आराखड्यात खरोखर आहे का, हे सहीआधी विचारले पाहिजे.

२०२१ पासून सगळ्यांऐवजी दोन तृतीयांश घरमालकांची संमती असली की नकार देणाऱ्यावर दावा लावता येतो. पूर्वी ८० टक्के लागत. म्हणजे एकट्याने अडून बसण्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून विचारणे बरे. नवी घरे होईपर्यंत भाडे कोण भरणार आणि किती वर्षे? नव्या इमारतीचा वाद-बायित, म्हणजे मालित, बाग, रखवालदार यांचा मासिक खर्च पेन्शनमधून झेपेल का? म्हाताऱ्या माणसांना कायद्याने दुसरे पर्याय मिळतात, ते आपल्याला कुणी समजावून सांगितले का? मुलांना बरोबर घ्या, आपला स्वतःचा वकील घ्या, आणि हिब्रू कायद्याची भाषा कळली नाही तर लाज न बाळगता पुन्हा विचारा.

आणि एक काम सहीच्या आधीच करा, ते कुठलाही कब्लान करून देणार नाही. आपल्या शिकूनचा फोटो काढा. कुठल्या कोम्यावर कोण राहत होते, मलिदा कुणाच्या घरी व्हायचा, शब्बाथला दिवा कुणाच्या खिडकीत दिसायचा, ते लिहून ठेवा. मराठीत लिहा, नातवंडांकडून हिब्रूत लिहवून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. या पानांवर त्याला जागा मिळेल. आम्ही आमच्या इमारतीपासून सुरुवात केली आहे. सोळा बिऱ्हाडे होती. अकरांची नावे आम्हाला आठवली, पाचांची शेजारणीने सांगितली.

महाडच्या त्या गृहस्थांना आम्ही निघताना विचारले, तुमच्या त्या खोलीचा एखादा फोटो आहे का? ते म्हणाले, "तेव्हा फोटो काढायचा म्हटले की समुद्रावर जायचो. खोलीचा फोटो कोण काढतो?"